जीवदानाचा हिशेब

१९७१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरातल्या एका घराच्या तळघरात काही तरुण मंडळी टेबलाभोवती जमू लागली. घर डेव्ह आर्नेसनच्या आईवडिलांचं. तो विद्यापीठात इतिहास शिकत होता आणि उरलेल्या वेळात छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून जुन्या लढाया खेळत होता. या टेबलावर मात्र त्याने वेगळाच प्रकार मांडला. ब्लॅकमूर नावाचं काल्पनिक संस्थान, तिथे एक किल्ला, किल्ल्याखाली भुयारं आणि भुयारांत राक्षस. कुणाकडेही फौज नव्हती. प्रत्येक खेळाडूकडे एकच माणूस, आणि खेळापुरता खेळाडू म्हणजे तोच माणूस. तो काय करतो ते खेळाडूने तोंडाने सांगायचं. मग काय घडलं ते आर्नेसन सांगणार.

लढाई जुंपली की निकाल फाशांवर लागे. त्यासाठी हाताशी 'चेनमेल' नावाची नियमपुस्तिका होती. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने जेफ पेरेनच्या साथीने ती त्याच वर्षी काढली होती. विषय मध्ययुगीन लढाया. साध्या सैनिकाचा तिच्यातला हिशेब सरळ होता: वार बसला, माणूस गेला. मोठ्या फौजेत असे सैनिक पटावरून भराभर उचलले जातात आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नसतं. पण इथे कित्येक बैठका जपलेला, नावगाव असलेला माणूस एका फाशावर मरू लागला. मंडळी नाराज झाली.

आर्नेसनने तोड काढली ती समुद्रातल्या लढाईतून. अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी कवचाच्या जहाजांवरचे खेळ त्याच्या परिचयाचे होते. जहाज एका तोफगोळ्याने बुडत नाही. त्याच्या नावावर काही अंक असतात, प्रत्येक माऱ्याला ते घटतात आणि शून्यावर आलं की जहाज बुडालं. हे गणित आपण माणसाला लावलं, असं आर्नेसन पुढे सांगत असे. आज जगभर ज्यांना 'हिट पॉइंट' म्हणतात ते या खेळांत आले ते असे.

टेबलावरच्या या खेळांत लढाई कितपत खरी असावी, यावर नंतर पन्नास वर्षं वाद झाला. वरवर पाहता तो तलवारीचा, चिलखताचा आणि जखमांचा वाद आहे. पण त्याची एकेक पायरी पाहत गेलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. ज्याने ज्याने घाव खरा केला, त्याला दुसऱ्या कुठल्यातरी दाराने जीवदान आत आणावं लागलं.

शिशाच्या फौजा

जीवदानाची गरज नसलेले युद्धखेळ आधी होऊन गेले होते. भारतातून निघून इराण-अरबस्तानमार्गे युरोपात पोचलेल्या बुद्धिबळात लढाई पूर्ण अमूर्त आहे. हल्ला करणारं मोहरं नेहमी जिंकतं. प्याद्यानेही वजीर मरतो आणि त्यात शंकेला जागा नाही. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेल्विगने या पटाला शेकडो चौकोन दिले, त्यांत डोंगर-नद्या-गावं आणली, मोहऱ्यांच्या जागी पायदळ आणि तोफखाना आणला. बुद्धिबळाला खऱ्या रणभूमीकडे ओढण्याचा हा एक गाजलेला प्रयत्न.

पुढची उडी प्रशियात पडली. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने राजापुढे एक युद्धखेळ ठेवला. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये खेळाचं रूपच पालटलं. चौकोन गेले आणि त्यांच्या जागी १ : ८००० प्रमाणाचा खरा नकाशा आला. एक डाव म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला देत आणि पंच फासे टाकून तक्त्यात निकाल बघे. मारा झाला की तुकडीचं बळ थोडंथोडं घटे. सेनाप्रमुख म्युफलिंग खेळ पाहून इतके खूश झाले, की त्यांनी सैन्यात त्याची जाहीर शिफारस केली.

तक्ते अचूक होते, पण किचकट होते. अधिकारी नकाशापेक्षा कागदात जास्त गुंतत. अखेर १८७६ मध्ये युलिउस फोन फेर्डी दु व्हेर्न्वा या सेनानीने फासे आणि तक्ते दोन्ही बाजूला सारले. लढाया पाहिलेला पंच परिस्थिती बघून निकाल देईल, आणि तोच जास्त खरा असेल, असा त्याचा दावा. त्यामुळे प्रशियात दोन पंथ पडले, एक छापील नियमांचा आणि दुसरा पंचाच्या अनुभवाचा. दोन्ही पंथांना खरेपणाच हवा होता. तो कुठे सापडेल, एवढ्यावरच मतभेद होता.

इंग्लंडात १९१३ साली एच. जी. वेल्सने 'लिटल वॉर्स'मध्ये सगळ्यात सरळ उपाय सुचवला. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखरच गोळी मारायची; जो सैनिक पडला तो मेला.

या सगळ्या खेळांत एक साम्य होतं. मरणारे सैनिक कुणाचेच नव्हते. प्रशियन अधिकाऱ्याने अर्धी पलटण गमावली तरी त्याला फार तर शरम वाटे. त्यामुळे मरणाचं गणित हवं तितकं कठोर ठेवता येत होतं.

ही सोय मोडली ती १९६९ साली. मिनेसोटाच्याच डेव्हिड वेझलीने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव खेळायला घेतलं. चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचं १८८० सालचं 'स्ट्रॅटेगॉस' हे पुस्तक त्याच्या वाचनात होतं, आणि पंचाला मोकळीक देण्याचा विचार त्याने त्यातून उचलला. सेनापतींखेरीज इतर खेळाडूंना त्याने गावातल्या प्रतिष्ठितांच्या भूमिका वाटल्या. खेळ हाताबाहेर गेला. लढाई राहिली बाजूला; मंडळी गावभर फिरून कारस्थानं करू लागली. दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. द्वंद्वाचे नियमच नव्हते, म्हणून वेझलीने जागच्या जागी फासे टाकून निकाल लावला. आर्नेसन या वेझलीच्याच मंडळात होता.

एका मिनिटाची फेरी

१९७२ च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनिव्हाला जाऊन गायगॅक्सला ब्लॅकमूर दाखवलं. गायगॅक्सने झपाट्याने नियम लिहून काढले आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आलं. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १००० प्रतींची.

लढाईचे नियम थोडक्यात होते. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि समोरच्याचं चिलखत पाहून वार बसला की नाही ते ठरवायचं. बसला तर सहा बाजूंच्या एका फाशाइतके अंक घटणार, मग हातात खंजीर असो की दोन हातांनी पेलायची तलवार. चिलखत घाव हलका करत नव्हतं. ते वार बसण्याची शक्यता कमी करत होतं. आणि माणूस अनुभवाने मोठा झाला की त्याचे अंक वाढत. 'चेनमेल'मधला वीर चार माणसांच्या बरोबरीचा होता. तोच हिशेब इथे पायरीपायरीने वर चढला.

खेळाडूंनी लगेच बोट ठेवलं. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत खंजिराला चार बाजूंचा आणि तलवारीला आठ बाजूंचा फासा मिळाला. त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर' पुरवणीत वार डोक्यावर बसला की पायावर, याचे तक्ते आले. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे, उर्दूचे अभ्यासक एम. ए. आर. बार्कर यांनीही १९७५ मध्ये 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ आणला. त्यात फाशावर वीस पडले की घाव दुप्पट, आणि वर जागीच ठार होण्याची शक्यता.

वाद इतका वाढला, की गायगॅक्सला १९७८ आणि १९७९ च्या मोठ्या ग्रंथांत जाहीर उत्तर द्यावं लागलं. अनुभवी योद्ध्याचे अंक चार दांडग्या युद्धघोड्यांइतके होतात. तेवढा मार कुणाचं शरीर सोसेल असं मानणं हास्यास्पद आहे, हे त्याने स्वतःच कबूल केलं. अंकांचा थोडाच भाग शरीराचा. बाकीचं कौशल्य, नशीब आणि दैवी कृपा. शत्रूचा वार 'लागला' म्हणजे बहुतेक वेळा निसटता ओरखडा. एक फेरी म्हणजे एक मिनिट, आणि त्या मिनिटात कितीतरी हुली, माघारी आणि चुकलेले वार धरलेले आहेत. फासा फक्त त्यांतल्या मोक्याच्या क्षणाचा. पुस्तकात त्याने खरेपणाचा पंथ आणि खेळाचा पंथ असे दोन भाग पाडले आणि आपण दुसऱ्यात असल्याचं सांगून टाकलं.

स्पष्टीकरण नेटकं होतं, पण नियम त्याला साथ देत नव्हते. उंचावरून पडल्यास दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, असा नियम. ८५ अंकांच्या योद्ध्याने शंभर फुटांच्या कड्यावरून उडी मारली, तर दहा फाशांवर वाईटात वाईट साठ पडतील. म्हणजे तो कपडे झटकून उठणार. कड्याला कुठली हूल द्यायची? जखमा भरणारा मंत्रही तसाच. पाच अंकांच्या शिपायाला तो मरणाच्या दारातून परत आणी, आणि त्याच मंत्राने मोठ्या योद्ध्याचा जेमतेम ओरखडा भरे. अंक म्हणजे नशीब असेल, तर मंत्राने नक्की काय भरून येत होतं?

बार्करच्या दुप्पट घावासारख्या नियमांना गायगॅक्सचं उत्तर मात्र नेमकं होतं. असे नियम दोन्ही बाजूंना लागू करावे लागतात. राक्षस एका लढाईपुरता येतो. खेळाडूचा माणूस शेकडो वार झेलतो. वीसचा आकडा कधी ना कधी त्याच्यावरच पडणार. गायगॅक्सला मरणाची शक्यता हवी होती. अचानक मरण नको होतं.

खेळाच्या पंथातही सगळे त्याच्यामागे नव्हते. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात केन सेंट आंद्रेने १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' लिहून या नियमांनाही किचकट ठरवलं. त्याच्याकडे फेरी दोन मिनिटांची. एका बाजूच्या सगळ्यांचे फासे एकत्र मोजायचे, दुसरीचे एकत्र मोजायचे, आणि जो फरक येईल तेवढा घाव हरलेल्यांनी वाटून घ्यायचा.

वेताच्या तलवारी

सगळ्यात जोरकस विरोध कॅलिफोर्नियातून आला. १९६६ साली बर्कलीत सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम ही संस्था सुरू झाली होती. तिचे सभासद चिलखत चढवून, वेताच्या तलवारी घेऊन खरोखर भिडत. त्यांच्यातलाच स्टीव्ह पेरिन 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ही खेळत होता. ज्याच्या ढालीवर वार आदळलेला आहे, त्याला एका मिनिटाचा एक फासा कसा पटावा? ग्रेग स्टॅफर्डच्या केऑसियम या प्रकाशनाने १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' छापलं, त्याचे नियम पेरिन आणि त्याच्या साथीदारांनी रचले होते.

इथे फेरी बारा सेकंदांची. वार करणाऱ्याचा फासा वेगळा आणि अडवणाऱ्याचा वेगळा. वार बसला तर कुठे, तेही फाशाने ठरणार. शरीराचे सात भाग, प्रत्येकाचे अंक वेगळे. चिलखत घाव शोषून घेई. मुख्य म्हणजे अनुभवाने माणसाचं कसब वाढे, अंक मात्र जवळपास होते तेवढेच राहत. मोठा योद्धाही नशीब फिरलं तर एखाद्या नवख्याच्या भाल्याने मरू शकत होता. अनेक खेळाडूंना हाच खरा खेळ वाटला.

पण हातपाय रोज तुटू लागले तर खेळ चार बैठकांत संपेल. म्हणून 'रूनक्वेस्ट'च्या जगात जखम भरण्याची विद्या जवळजवळ सगळ्यांना शिकता येण्यासारखी ठेवली होती. तिची ताकद पुरेशी असेल तर तुटलेला अवयवही जोडता येई. गायगॅक्सने घाव पातळ करून माणूस वाचवला होता. पेरिनने घाव खरा ठेवला आणि औषध स्वस्त केलं.

अर्ध्या सेकंदापर्यंत

१९८० चं दशक खरेपणाच्या पंथाचं. व्हर्जिनियातल्या आयर्न क्राउन एंटरप्रायझेसने १९८० मध्ये 'आर्म्स लॉ' काढलं. प्रत्येक शस्त्राचा स्वतंत्र तक्ता आणि प्रत्येक तक्त्यात चिलखताचे वीस प्रकार. त्यापुढे भीषण जखमांचे वेगळे तक्ते होते. कुठलं हाड मोडलं, किती फेऱ्या शुद्ध हरपली, सगळं छापलेलं. 'आर्म्स लॉ'पासून वाढलेल्या 'रोलमास्टर' घराण्याच्या तक्त्यांत अस्तित्वातच नसलेल्या कासवाला अडखळून पडण्याचीही सोय होती; लिहिणाऱ्यांना स्वतःचीच थट्टा सुचत होती असं दिसतं.

टेक्सासच्या स्टीव्ह जॅक्सनने १९७७ च्या 'मेली' या छोट्या खेळात फेरी पाच सेकंदांवर आणली होती. १९८६ च्या 'गर्प्स'मध्ये ती एका सेकंदाची झाली. एका सेकंदात तलवार उपसता येते किंवा वार करता येतो. दोन्ही करणं सहसा जमत नाही. वार चुकवायचा, तलवारीने अडवायचा की ढालीवर घ्यायचा, हे बचाव करणाऱ्याने निवडायचं. आणि याच 'गर्प्स'मध्ये पात्र घडवताना अंक मोजून नशीब विकत घेता येतं. ज्याच्याकडे ते आहे, त्याला घड्याळातल्या दर तासाला एकदा वाईट फासा परत टाकता येतो. इतक्या काटेकोर खेळात एवढी एक फट मुद्दाम ठेवलेली होती.

टोक गाठलं ते बॅरी नाकाझोनोच्या 'फिनिक्स कमांड'ने, तेही १९८६ मध्येच. विषय आधुनिक बंदुकांचा. दोन सेकंदांचा एक टप्पा आणि त्याचे चार तुकडे. म्हणजे घड्याळ अर्ध्या सेकंदावर आलं. नेम धरायला किती वेळ घेतला, गोळीची भेदनशक्ती किती, ती शरीरात कुठे शिरली, या सगळ्यासाठी आकडे. खऱ्या चकमकीत डोळ्याचं पातं लवण्याआधी संपणाऱ्या घटनेसाठी टेबलावर पानामागून पान उलटावं लागे. राइसविट्झच्या तक्त्यांनी कंटाळलेले प्रशियन अधिकारी इथे असते, तर त्यांना सगळं ओळखीचं वाटलं असतं.

त्याच वर्षी इंग्लंडातून 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले' आलं. त्याच्या जखमांचे तक्तेही भयंकर होते. पण तिथे जीवदान चोरट्या दाराने आत आलं नाही. प्रत्येक पात्राच्या कागदावर 'फेट पॉइंट' म्हणून मोजकेच अंक लिहिलेले असत. मरण समोर आलं की एक खोडायचा आणि वाचायचं. अंक संपले की संपलं. अमेरिकेतल्या 'टॉप सीक्रेट' आणि 'जेम्स बाँड ००७' या हेरांच्या खेळांत असे अंक आधी येऊन गेले होते. 'वॉरहॅमर'ने दोन्ही खाती शेजारीशेजारी ठेवली. एकात खरी जखम, दुसऱ्यात उघड माफी. गायगॅक्सने एकाच आकड्यात कोंबलेल्या दोन गोष्टी इथे सुट्या झाल्या, आणि कडा विरुद्ध योद्धा हा जुना पेचही त्याबरोबर सुटला.

फासाही नको

नव्वदीत लंबक उलट फिरला. एरिक वूजिकने १९९१ मध्ये रॉजर झेलाझ्नीच्या कादंबऱ्यांवरून 'अँबर' हा खेळ रचला, त्यात फासेच नव्हते. कोण सरस हे खेळाच्या सुरुवातीला लिलावाने ठरायचं आणि द्वंद्वाचा निकाल खेळ चालवणाऱ्याने, दोघांचे डावपेच ऐकून द्यायचा. फेर्डी दु व्हेर्न्वाचा पंथ शतकानंतर एका जादुई राजघराण्याच्या कारस्थानांत उगवला. फरक एवढाच की प्रशियन पंचाला सैनिक वाचवायचे नव्हते. इथला पंच आपल्या मित्राच्या माणसाबद्दल निकाल देत होता आणि तो मित्र समोरच बसलेला होता. तक्ता नसला की दया करणं सोपं होतं. दया केली नाही तर बोलही त्यालाच लागतो.

दोन्ही पंथांना एकत्र आणणारा खेळ २००२ मध्ये आला. जेक नॉरवुड हा जुन्या युरोपीय तलवारबाजीचा अभ्यास करणारा माणूस. त्याच्या 'द रिडल ऑफ स्टील'मध्ये खेळाडूच्या हातात फाशांची मूठ असते आणि त्यातले किती हल्ल्याला, किती बचावाला, हे त्याने दर वेळी ठरवायचं. सगळे हल्ल्यात घातले आणि वार हुकला, तर पुढच्या क्षणी मान मोकळी. एक चूक पुरते, खऱ्या तलवारीला पुरते तशीच. खेळ इतका जीवघेणा, की क्षुल्लक कारणासाठी तलवार उपसणं मूर्खपणाचं ठरावं. पण नॉरवुडने एक नियम जोडला. पात्राला जे प्राणापलीकडचं आहे, मग ते प्रेम असो, सूड असो की श्रद्धा, त्यासाठी तो लढत असेल तर मुठीत जादा फासे येतात. म्हणजे तिथेही जीवदान होतंच, पण ते सरसकट नव्हतं. तुम्ही कशासाठी लढता यावर ते अवलंबून होतं. पेरिन आणि गायगॅक्स दोघांनाही न सापडलेली ही वाट. लढाई पूर्ण खरी ठेवून ती लढण्याचं कारण तिने महाग केलं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या सगळ्यातून फारसं हललं नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची आहे, आणि हिट पॉइंट म्हणजे शरीर, मनोबल, जगण्याची इच्छा आणि नशीब यांचं मिश्रण, असं तिथे म्हटलं आहे. गायगॅक्सचा युक्तिवाद जवळजवळ तसाच. बदल झाला तो आकड्याच्या तळाशी. १९७४ मध्ये शून्य म्हणजे मृत्यू होता. २०१४ मध्ये शून्यावर माणूस बेशुद्ध पडतो आणि वीस बाजूंचे फासे टाकू लागतो. दहा किंवा वर पडलं तर यश, आणि तीन अपयशांआधी तीन यशं मिळाली तर जीव वाचतो. मधेच एखाद्या साथीदाराने साधा मंत्र टाकला, तर तो उठून पुन्हा लढायला लागतो.

म्हणून एखादा खेळ लढाईला किती मानतो हे पाहायचं असेल, तर त्याच्या शस्त्रांच्या तक्त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. शून्यावर काय होतं, एवढंच पान उघडावं. तिथे नियम लिहिणाऱ्याने मरणाची किंमत लिहिलेली असते, आणि ती कुणी, कशाने चुकवायची हेही.